जपानमधला ‘हेपबर्न कट’: पाश्चात्त्य अभिजात चित्रपट आणि जपानी स्त्रियांचा पेहराव

सुईदोरा

ओसाकाला बहिणीकडे महिनाभर राहत असताना घरपोच कपडे मागवण्याची एक जाडजूड पुस्तिका माझ्या हाती लागली. घोट्याच्या वर संपणाऱ्या, पायाला बेताने बसणाऱ्या विजारींच्या पानावर ‘साबुरिना पान्त्सु’ असे छापलेले होते. बहीण म्हणाली की इथे या विजारीचे नावच ते आहे. एका अमेरिकन चित्रपटातील ड्रायव्हरच्या मुलीचे नाव सत्तर वर्षांनंतरही विजारीला चिकटून राहते आणि ती घालणाऱ्या कित्येकींनी तो चित्रपट पाहिलेलाही नसतो, याचे मला फार नवल वाटले. तेव्हापासून जमेल तसे वाचत आहे. त्यातले थोडे इथे मांडते; जाणकारांनी भर घालावी.

‘रोमन हॉलिडे’ जपानमध्ये एप्रिल १९५४ मध्ये लागला आणि ‘सब्रीना’ही त्याच वर्षी आला. दोन्हींची नायिका ऑड्री हेपबर्न. पहिल्या चित्रपटात राजकन्या वाड्यातून पळते, रोममधल्या एका केशकर्तनालयात शिरते आणि लांब केस कापून टाकते. हा प्रसंग पाहून बाहेर पडलेल्या मुली टोकियोच्या केशकर्तनालयांत जाऊन तेच मागू लागल्या. त्या केशरचनेला ‘हेप्पुबान कात्तो’, म्हणजे ‘हेपबर्न कट’, हे नाव पडले. आपल्याकडे ज्याला आपण सरसकट बॉयकट म्हणून मोकळे होतो, त्याच्या जवळचाच हा प्रकार. फक्त कपाळावर आखूड बटा आणि कडेला किंचित वळण.

माझ्या मते त्या चित्रपटातील कपड्यांची खरी गंमत वेगळीच आहे. राजकन्येचे दरबारी पोशाख सोडले, तर रोमभर फिरताना तिच्या अंगावर जवळजवळ सगळा वेळ एकच जोड आहे: पांढरा ब्लाऊज, घेरदार लांब स्कर्ट आणि कमरेला पट्टा. चित्रपट पुढे सरकतो तशा तिच्या बाह्या वर दुमडल्या जातात, गळ्याचे बटण सुटते, मानेभोवती रुमाल येतो, पायांत बाजारातून घेतलेल्या चपला येतात, आणि केस जातात. नवा कपडा एकही न घेता मुलगी पार बदलते. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ईडिथ हेड यांना ऑस्कर मिळाले. युद्धानंतर नऊ वर्षांनी, ज्या मुलीकडे बाहेर जाण्याजोगा एखादाच ब्लाऊज असेल, तिला पडद्यावर याहून उपयोगी काय दिसणार होते?

माझा प्रश्न असा आहे. त्याच १९५४ च्या फेब्रुवारीत मेरिलिन मन्रो स्वतः जपानला येऊन गेली होती. नुकतेच बेसबॉलपटू जो डिमॅजिओशी लग्न झालेले, विमानतळावर तोबा गर्दी, वर्तमानपत्रांत रोज छायाचित्रे. तिच्या चालण्याला ‘मन्रो वॉक’ हे नाव जपानीत रूढ झाले. तरीही जपानी मुलींच्या कपड्यांत, केसांत आणि चपलांत शिरली ती तोवर तिथे न आलेली ऑड्री हेपबर्न. असे का झाले असावे?

पिंपळपान

छान धागा. पण सुरुवात १९५४ पासून केली, तर त्याआधीची तीस वर्षे हातातून सुटतात.

१९२० च्या दशकात टोकियोतल्या गिन्झाच्या रस्त्यावर ज्या ‘मोगा’, म्हणजे ‘मॉडर्न गर्ल’, दिसू लागल्या, त्यांचे कापलेले केस, घंटेच्या आकाराच्या टोप्या आणि आखूड झगे हॉलिवूडच्या मूकपटांशी जोडलेले होते. तानिझाकी यांच्या १९२४-२५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक नाओमी या उपाहारगृहातल्या पोरसवदा मुलीवर भाळतो, आणि ती मेरी पिकफर्ड या हॉलिवूडच्या नटीसारखी दिसते हे त्याचे एक मोठे कारण असते. पुढे तो तिला पाश्चात्त्य वळणाची बाई ‘घडवायला’ जातो आणि स्वतःच तिचा गुलाम होऊन बसतो. नायिकेच्या नावावरून ‘नाओमीइझुम’ असा शब्दच निघाला.

मात्र मासिकांतल्या आणि कादंबऱ्यांतल्या मोगा पाहून आपली फसगत होते. कोन वाजिरो या अभ्यासकाने १९२५ च्या मे महिन्यात गिन्झात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांची चक्क मोजणी केली. पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य कपड्यांत होते आणि स्त्रियांपैकी फक्त १ टक्का. हे सगळ्यात नटव्या रस्त्यावरचे चित्र! गावांचा तर प्रश्नच नको. पडद्याने बाईच्या मनात काय पेरले हे एक, आणि ती घरातून काय नेसून बाहेर पडली हे अगदी दुसरे.

त्या काळात सामान्य घरांत जो पाश्चात्त्य कपडा खरोखर शिरला, तो म्हणजे ‘आप्पाप्पा’. उन्हाळ्यात घालायचा, सुती, ढगळ, सरळ शिवलेला झगा. त्यात ना कंबर, ना डौल. आपल्याकडच्या मॅक्सीची थोरली बहीण म्हणा. कुठल्याही नटीने तो पडद्यावर मिरवला नव्हता. उकाडा होता आणि किमोनोवर ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, आवळून कामे करणे नकोसे होत होते, एवढेच पुरे झाले. म्हणून सिनेमाला श्रेय देताना हात जरा आखडता घ्यावा, असे मला वाटते.

जुना_पडदा

पिंपळपान यांच्याशी निम्मा सहमत आहे. ओढ आणि वापर यांत अंतर होते हे खरे. पण पुढच्या काळात ते अंतर कसे मिटले, हे पाहायला हवे.

१९३१ मध्ये जपानमध्ये दाखवलेला, मार्लिन डीट्रिचचा ‘मोरोक्को’ हा जपानी उपशीर्षके छापलेला पहिला विदेशी बोलपट मानला जातो. तोवर पडद्याशेजारी उभा राहून ‘बेन्शी’ नावाचा निवेदक गोष्ट सांगत असे. आता नटीचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. त्यात डीट्रिच पुरुषी टेलकोट आणि उंच टोपी घालून गाते. जवळपास त्याच सुमारास शोचिकु कंपनीच्या रंगमंचावर मिझुनोए ताकिको ही नटी केस कापून, पुरुषी सूट घालून तरुण मुलींना वेड लावत होती. एकीमुळे दुसरी घडली असे मी म्हणणार नाही, पण मुलींची नजर एकाच वेळी दोन्हीकडे तयार होत होती.

मग युद्ध आले. १९३९ पासून केसांना पर्म करण्याविरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली, ‘चैन ही शत्रू आहे’ अशा पाट्या लागल्या आणि बायकांच्या अंगावर ‘मोंपे’ आले; म्हणजे घोट्याशी आवळलेली, शेतात घालायची ढगळ विजार. डिसेंबर १९४१ नंतर अमेरिकन चित्रपट बंदच झाले. शरणागतीनंतर अमेरिकी व्यवस्थापनाखाली ते परतले. २८ फेब्रुवारी १९४६ रोजी दोन चित्रपट लागले: मारी क्यूरी यांच्या जीवनावरचा आणि डीना डर्बिनचा एक संगीतमय चित्रपट. कोणते चित्रपट दाखवायचे हे ठरवण्यामागे जपानी जनतेला लोकशाहीचे धडे देण्याचा हेतू होता. बायकांनी त्यातून लोकशाही किती घेतली ते सांगता येत नाही, पण बाह्या, कॉलर आणि टोप्या मात्र अगदी बारकाईने घेतल्या.

१९५० मध्ये ‘द रेड शूज’ हा ब्रिटिश बॅलेपट लागला आणि लाल बुटांची लाट आली. करड्या-खाकी वर्षांनंतर तो लाल रंग रंगीत पडद्यावर कसा दिसला असेल, याची आज आपल्याला कल्पना येणे कठीण आहे. चित्रपटातून उचललेल्या अशा फॅशनला जपानीत ‘शिनेमोदो’ असा जोडशब्दच होता.

आणि ही वाट फक्त पश्चिमेकडून येत नव्हती, हेही नोंदवतो. १९५३ च्या एका तुफान गाजलेल्या जपानी प्रेमपटात किशि केइको या नटीने डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळलेली शाल ‘माचिको-माकी’ या नावाने देशभर गेली. माचिको हे नायिकेचे नाव. होक्काइदोच्या चित्रीकरणात थंडी वाजत होती म्हणून तिने शाल तशी घेतली, असे सांगतात. म्हणजे ऑड्री येण्याआधीच जपानी मुलींना नायिकेच्या नावाने पेहराव उचलण्याची सवय लागली होती. ‘हेपबर्न कट’ याच तयार जमिनीवर पडला.

तिरकस_टाका

तीस वर्षे शिवणकाम शिकवते आहे, म्हणून सुईदोरा यांच्या प्रश्नाला कात्रीच्या बाजूने उत्तर देते.

मन्रोचे कपडे शिवायला अवघड असतात. ते अंगावर चढवून, चिमटे घेत घेत बसवावे लागतात. छाती, कंबर आणि नितंब यांतला फरक हाच त्यांचा आधार. तो फरक अंगात नसेल तर कपडा लोंबतो. ऑड्रीचे कपडे रेषेवर चालतात. अरुंद खांदा, सपाट छाती, बारीक कंबर, आडवा बोट गळा, सरळ विजार. बेतायला सोपे, आणि सडपातळ, लहान चणीच्या मुलीला शोभणारे. शिवाय काळेभोर केस. सोनेरी केसांची नक्कल करायला रसायन लागते, काळ्या आखूड केसांना नुसती कात्री पुरते.

दुसरी गोष्ट कापडाची. तयार कपड्यांचा बाजार जपानमध्ये मोठा झाला तो १९६० नंतर. त्याआधी पाश्चात्त्य कपडा म्हणजे शिंप्याकडून, ड्रेसमेकरकडून किंवा स्वतः शिवलेला. युद्धानंतर कित्येक घरांत किमोनो उसवून त्याचे फ्रॉक आणि ब्लाऊज केले जात. अशा कपड्यांना ‘कोसेइफुकु’ म्हणत. आता किमोनोच्या कापडाचा पन्हा जेमतेम ३६ सेंटिमीटर असतो. त्यातून घेरदार स्कर्ट काढायचा म्हणजे कळ्या जोडत बसायचे, आपल्या कळीदार परकरासारखे. प्रत्येक जोडावर शिवणीत कापड जाते. उलट आखूड बाहीचा ब्लाऊज किंवा अरुंद विजार या पन्ह्यात बसवणे पुष्कळ सोपे. कुठल्याही शिवणाऱ्या बाईने पडद्याकडे पाहताना मनात हा हिशेब नक्की केला असणार. मी आजही करते, आणि त्यापायी चित्रपटाची गोष्ट हुकते.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. सुगिनो योशिको यांनी १९२६ मध्ये टोकियोत ड्रेसमेकिंगची शाळा काढली. त्या त्याआधी काही वर्षे न्यूयॉर्कला राहून आल्या होत्या. बुन्का या संस्थेची मुळेही त्याच दशकातली. बुन्काचे ‘सोएन’ मासिक १९३६ पासून निघू लागले. युद्धानंतर या शाळांवर मुलींची झुंबड उडाली, कारण शिवणकाम हे लग्नाआधी शिकायचे कौशल्य होते आणि विधवांच्या दृष्टीने पोटापाण्याचे साधनही. चित्रपटगृहातून बाहेर पडलेली मुलगी डोळ्यांत एक चित्र घेऊन यायची. ते कागदावर उतरवून, मापे टाकून कापणारे हात गल्लोगल्ली तयार होते. ते हात नसते, तर चित्र चित्रपटगृहातच राहिले असते.

ओवी

थोडे अवांतर. आपल्या ‘साधना कट’ची मुळेही ऑड्रीच्या कपाळावरच्या बटांपर्यंतच पोचतात ना? १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’च्या वेळी साधनाचे रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ती केशरचना सुचवली होती. माझ्या मावशीने पुण्यात स्वतःच्या हाताने तशा बटा कापल्या आणि आजीकडून मार खाल्ला, असे आमच्या घरात अजून सांगतात.

सुईदोरा

ओवी, अवांतर कसले! पण त्यात एक फरक दिसतो. मुंबईत ती केशरचना साधनाच्या नावाने रुजली, ऑड्री मागे राहिली. जपानमध्ये परक्या नटीचे नाव तसेच ठेवले गेले आणि त्याचे तुकडे पाडून ते केसांना, विजारीला आणि चपलांना लावले गेले.

तिरकस_टाका, पन्ह्याचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला यात त्या वेळच्या एका शब्दाचीही भर घालावीशी वाटते. १९५३ मध्ये इतो किनुको ही मॉडेल विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली आणि ‘हात्तोशिन’ हा शब्द सर्वतोमुखी झाला; म्हणजे डोक्याच्या आठपट उंची असलेला बांधा. आदर्श बांधा कोणता, याची चर्चा घरोघरी चालू असतानाच उंच मान, लहान डोके आणि काटकुळे हात असलेली ऑड्री पडद्यावर आली. मात्र ती आदर्श असूनही हाताला लागेल असे वाटण्याजोगी होती, आणि तुम्ही म्हणता ते कात्रीचे कारण त्यामागे असणार.

गल्लीबोळ

चपलांचा उल्लेख वर आला, पण त्या कोणी बनवल्या हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी काही वर्षे कोबेत नोकरीला होतो.

टाचेमागे पट्टा नसलेली, पुढून पाय सरकवायचा अशी सँडल जपानीत ‘हेप्पु सांदारु’ किंवा नुसती ‘हेप्पु’ म्हणून ओळखली जाते. ऑड्रीने पडद्यावर घातलेल्या मागून उघड्या पादत्राणांवरून हे नाव पडले, असे सांगतात. रेक्झिन, रबर आणि गोंद, एवढ्यावर ही चप्पल तयार होते. तिला चामडे लागत नाही आणि मोठे यंत्रही लागत नाही. म्हणून ती कारखान्यात कमी आणि घरांत जास्त बनू लागली. ओसाकाच्या इकुनो भागात अरुंद गल्ल्यांतल्या छोट्या घरांत, खालच्या खोलीत, बायका-पोरांनी मिळून तळवे चिकटवायचे काम केले. त्यांत कोरियन वंशाची कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती, कारण चांगल्या नोकऱ्यांची दारे त्यांना बंद होती. कोबेच्या नागाता भागातल्या कृत्रिम चामड्याच्या बुटांच्या धंद्याची कहाणीही बरीचशी अशीच आहे.

त्या गोंदात बेंझीन असे. खोली लहान, थंडीत खिडक्या बंद, शेजारीच स्वयंपाक आणि झोपणे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या घरांतल्या बायकांना रक्तक्षयाचा भयंकर प्रकार होऊ लागला. बेंझीनमुळे अस्थिमज्जेत रक्त तयार होणेच थांबत होते. काहींचा मृत्यू झाला. १९५९ मध्ये सरकारने बेंझीन असलेल्या रबरी गोंदावर बंदी घातली. घरी बसून काम करणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण नाही, हा प्रश्न या प्रकरणाने चव्हाट्यावर आणला आणि पुढे १९७० मध्ये अशा घरबसल्या काम करणाऱ्यांसाठीचा कायदा झाला.

रोमच्या बाजारात राजकन्या हौसेने चपला घेते, तो प्रसंग मला आता पूर्वीसारखा पाहवत नाही. चित्रपटाचा त्यात दोष नाही, हे मला कळते. पण ‘जपानी स्त्रियांवरील प्रभाव’ असे आपण म्हणतो, तेव्हा घालणाऱ्या स्त्रियाच डोळ्यांपुढे येतात. चिकटवणाऱ्या बायकांनी ‘रोमन हॉलिडे’ पाहिला असेल की नाही, कोण जाणे.

तिरकस_टाका

गल्लीबोळ, हे मला अजिबात माहीत नव्हते. वर मी ‘तयार हात’ असे मोठ्या अभिमानाने लिहिले, त्यात हेही हात धरायला हवेत.

पिंपळपान

आणखी एक खुपणारी गोष्ट. १९६१ चा ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ आठवा. काळा झगा, मोत्यांचे सर, उंच बांधलेले केस. जिव्हांशी या फ्रेंच वेशरचनाकाराने घडवलेले ते रूप जपानमध्ये आजही पोस्टरांवर दिसते. त्याच चित्रपटात मिकी रूनी हा अमेरिकन नट पुढे आलेले खोटे दात लावून जपानी शेजाऱ्याचे जे विदूषकी सोंग आणतो, ते पाहून आज किळस येते. जिची केशरचना जपानी मुलीने मनापासून उचलली, तिच्याच वरच्या मजल्यावर जपानी माणसाची ही टवाळी चालली होती. आणि ओढीचे मूळ तरी काय, तर जिंकलेल्या देशाने हरलेल्या देशात आणून दाखवलेले चित्रपट. हे नुसते अनुकरणच नव्हे काय?

जुना_पडदा

ते सोंग निंद्यच आहे, त्यावर वाद नाही. पण ‘नुसते अनुकरण’ म्हटले, तर पुढचे घडणे कळत नाही.

मोरी हानाए यांचे उदाहरण घ्या. १९५१ मध्ये त्यांनी टोकियोच्या शिंजुकु भागात शिवणकामाचे छोटे दुकान थाटले आणि तिथून त्या जपानी चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. पुढच्या दहाएक वर्षांत त्यांनी शेकडो चित्रपटांचे कपडे केले. पात्राचा स्वभाव कापडात कसा आणायचा आणि कृष्णधवल पडद्यावर कोणता रंग कसा दिसतो, हे त्या तिथे शिकल्या. १९७७ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे मापाने शिवलेल्या उंची फॅशनच्या, संघटनेत त्यांना प्रवेश मिळाला. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. पश्चिमेचे चित्रपट पाहणाऱ्या पिढीला जपानी पडद्यावरचे कपडे शिवून देणारी बाई शेवटी पॅरिसलाच आपले कपडे दाखवते, त्याला नक्कल कसे म्हणावे?

आणि ऑड्रीवरच सगळे थांबले असेही नाही. १९५८ मध्ये ‘बाँझूर त्रिस्तेस’ आला आणि जीन सीबर्गच्या अगदी बारीक कापलेल्या केसांना नायिकेच्या नावावरून ‘सेशिरु कात्तो’ म्हणू लागले. बॉयकटाहूनही बॉयकट. पुढे १९७० मध्ये ‘आन आन’ आणि १९८२ मध्ये ‘ऑलिव्ह’ ही मासिके निघाली, तेव्हा हॉलिवूडची राजकन्या मागे पडून पॅरिसची शाळकरी मुलगी पुढे आली. आडव्या पट्ट्यांचा बनियन, सपाट बूट, हातात पाव. त्या मुलीलाही फ्रेंच चित्रपटांनीच आकार दिला होता. तो भाग मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

सुईदोरा

जुना_पडदा, तो वेगळा धागा तुम्हीच काढा, आम्ही वाट पाहतो.

कालच बहिणीशी फोनवर बोलणे झाले. गल्लीबोळ यांनी लिहिलेले तिला वाचून दाखवले, तर ती म्हणाली की इमारतीतल्या शेजारच्या आजी कचरा टाकायला जाताना अजून तीच सँडल सरकवून जातात. तिने त्यांना मुद्दाम विचारले की ही ‘हेप्पु’ म्हणजे कोण, माहीत आहे का. आजींना ऑड्री ठाऊक होती, ‘रोमन हॉलिडे’ त्यांनी दोनदा पाहिला होता, पण चपलेचे नाव तिच्यावरून पडले हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळले. त्यांच्या आईच्या घरी ढिगाने हेप्पु असायच्या, तळवे चिकटवून झाले की मोजायचे काम आजींकडे असायचे. वीस जोडांचा एक गठ्ठा.

गल्लीबोळ

सुईदोरा, जमले तर आजींना विचाराल का, की गोंद बदलला ते त्यांना आठवते का? वासात फरक पडला असणार.

सुईदोरा

विचारायला सांगितले आहे. रविवारी बहीण त्यांच्याकडे जाणार आहे, तेव्हा इथे लिहीन.